तिसरं पाणी

आमच्याकडे, वोलोच्या डोंगरात,
एकाच भुकटीवर कॉफी तीनदा उकळतात.
पहिलीचं नाव अबोल,
आणि खरंच, ती पिताना कुणी बोलत नाही.
दुसरी तोना.
तिसरी बरका, म्हणजे आशीर्वाद.
ती जवळजवळ पाणीच असते.

लहानपणी मी आईला विचारलं होतं,
आशीर्वाद एवढा पातळ का गं?
म्हणाली, दाट असता
तर पहिल्या कपालाच संपला असता.

त्या वर्षी बेल्गचा पाऊस आला नाही.
टोळ आले, ते वेळेवर आले.
बाबा तिळाच्या कापणीला मेतेमाकडे गेले
आणि त्यांची चिठ्ठी वाटेतच कुठेतरी म्हातारी झाली.
पंचावन्न दिवसांचा उपास सुटला,
देवळात ढोल वाजले,
आम्ही घरी आलो
आणि उपास पुढे चालू राहिला.

आई रोज चार कप मांडायची.
तिचा, माझा, बाबांचा,
आणि एक कडेचा,
ज्याच्याबद्दल विचारायचं नसतं.
कॉफी संपली तेव्हा जव भाजले,
जव संपले तेव्हा कॉफीची टरफलं.
कप मात्र चारच.

पिवळी फुलं यायच्या आधी अंतेनेह गेला.
आठ महिन्यांचा होता.
आठ दिवस आई देवाशी बोलली नाही.
भिंतीवरच्या मरियमकडे पाठ करून निजायची.
पण कडेचा कप मांडत राहिली,
भांडण झालं तरी
नवऱ्याचं ताट वाढतात, तसा.

नवव्या दिवशी तिनं शालीखाली डबा घेतला
आणि ओहोळापलीकडे झैनबकडे निघाली,
मूठभर ज्वारी मागायला.
मी मागे मागे.
ओहोळाच्या मधोमध, कोरड्या दगडांवर,
झैनबच समोरून येत होती.
तिच्याही शालीखाली डबा.

दोघी थांबल्या.
दोघींना वाटलं, हिला देवानंच धाडलं.
मग दोन्ही झाकणं उघडली.

त्या सबंध वर्षात आईला हसताना
मी तेवढं एकदाच पाहिलं.
इतकी हसली की दगडावर बसावं लागलं,
झैनब तिच्या अंगावर रेललेली,
मांडीवर रिकामे डबे खडखडताहेत,
आणि हसणं कुठे संपून रडणं सुरू झालं
ते मला सांगता येणार नाही.

"अल्लानं मला तुझ्याकडे पाठवलं होतं,"
झैनब डोळे पुसत म्हणाली.
"तो माझ्याकडेच बसलाय रोज, कप घेऊन,"
आई म्हणाली,
"त्याच्याकडेही काही नाही."

त्या संध्याकाळी दोन घरांची एक चूल झाली.
तिच्याकडे निखारे होते,
आमच्याकडे दोनदा उकळलेली टरफलं,
तिच्या पोरानं मिठाचा खडा आणला.
झैनबला विचारलं नाही, तरी ती
कडेच्या कपापासून थोडी सरकून बसली,
कुणाला धक्का लागू नये म्हणून.

गुरुवारी तिचा मेहुणा आला,
खेचरावर अर्धं पोतं ज्वारी, किडलेली.
त्याच दोन डब्यांनी मोजली.
एक तुला, एक मला.
किडे आम्ही पोरांनी वेचले.

मी याला चमत्कार म्हणत नाही.
चमत्कार असता
तर अंतेनेह आज एकवीस वर्षांचा असता,
माझ्याकडे पैसे मागत असता.
आईला एकदा तसं बोललेही.
ती काही म्हणाली नाही.
उठली, आणि भांड्यात पुन्हा पाणी घातलं.

आता मी अदिसमध्ये, इस्पितळात, रात्रपाळीला.
पहाटे कॉफी करते. मैत्रिणी
पहिली पिऊन उठतात, बस गाठायची असते.
मी बसून राहते.
तीच भुकटी, पुन्हा पाणी, पुन्हा आच.
दोन कप मांडते.
तिसरी ओतली की
कपाचा तळ दिसतो.

फुंकर घालते.
अजून गरम असते.